कालवाच्या बियाण्याची पारख

चला, आज जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्यात यॉर्क नदी चेसापीक उपसागराला मिळते. नदीकाठी ग्लॉस्टर पॉइंट हे गाव आहे. पाणी निमखारे. त्यात जाळीच्या पेट्या दिसतात ना, ती इथली शेती. पीक कालवांचे! आपल्या कोकणात आयाबहिणी खाडीतल्या खडकांवरून कालवे फोडून आणतात, त्यांचीच ही भावंडे.

इथल्या शेतकऱ्यालाही बी विकत घ्यावे लागते. बी म्हणजे कालवाची इवलीशी पिल्ले. साध्या कालवाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २० गुणसूत्रे असतात. उन्हाळ्यात ते प्रजननात शक्ती घालवते आणि मांस पातळ पडते. तीन संचांच्या, म्हणजे ३० गुणसूत्रांच्या कालवाला प्रजनन जवळजवळ जमतच नाही. म्हणून ते भरदार राहते आणि लवकर वाढते. आपल्या केळीत बी का नसते? तिच्यातही तीनच संच आहेत. बिनबियांच्या कलिंगडाचेही तेच.

शीमिंग ग्वो आणि स्टँडिश अॅलन या शास्त्रज्ञांनी चार संचांचे कालव तयार केल्याचे १९९४ साली जाहीर केले. त्याचा साध्या कालवाशी संकर केला की तीन संचांचे बी मिळते.

पण दोन संचांचे बी कोणते आणि तीन संचांचे कोणते, हे डोळ्यांना कसे कळणार? शिंपले सारखेच दिसतात. म्हणून काही पिल्लांचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे पेशी रंगवून प्रकाशासमोरून नेतात. तीन संचांची पेशी साध्या पेशीच्या दीडपट चमकते. दुसरी रीत जनुकीय खुणांची. गुणसूत्रावरच्या एकाच जागी साध्या कालवात जास्तीत जास्त दोन तऱ्हेच्या खुणा सापडतात, एक आईची, एक बापाची. तीन तऱ्हेच्या सापडल्या, तर तिसरा संच आहे असे समजावे. मात्र तिन्हींपैकी दोन खुणा सारख्या असल्या, तर त्या जागी दोनच दिसतात आणि फसगत होते. यासाठी एकाच जागेवर न विसंबता अनेक जागा तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी? बी भेसळीचे निघाले, तर ते कळेपर्यंत पेट्या, मजुरी आणि हंगाम हातचा गेलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा आपण जाणतोच. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. पण त्यातून उगवण कळते, जात कळत नाही. तेव्हा पिशवीवरचे प्रमाणपत्राचे लेबल वाचा, पावती आणि मूठभर बी जपून ठेवा. पीक फसले, तर तोच तुमचा पुरावा.