कापलेल्या फिन्स

मालवणला स्नॉर्केलिंगच्या बोटीवर वर्षानुवर्षं वापरलेल्या रबरी फिन्सची एक जोडी मी बोटवाल्याकडून स्वस्तात उचलली. पाती लांब, कडा झिजलेल्या. पण पाऊल बसतं तो भाग शाबूत होता. जुन्या फिन्स घेताना तेवढंच बघायचं असतं. टाचेपाशी रबर दुमडलं आणि बारीक भेगांची जाळी दिसली, तर फुकटही घेऊ नये.

मला त्या किकच्या सरावासाठी हव्या होत्या. लांब फिन्स घातल्या की वेग येतो, आपण फार भारी पोहतोय असंही वाटतं. पण पाय संथ चालतात. मोठं पातं एकेका फटक्याला इतकं पाणी ढकलतं की शर्यतीतली भराभर, आखूड किक त्यात जमतच नाही. अमेरिकेतले प्रशिक्षक मार्टी हल यांनी आखूड पात्याच्या ‘झूमर्स’ काढल्या त्या याच कारणासाठी. तशी नवी जोडी घेण्यापेक्षा जुनी कापावी, असं ठरवलं.

पुठ्ठ्याचा साचा करून दोन्ही पात्यांवर एकच रेघ मारली. बोटांच्या पुढे आधी वीतभर रबर ठेवलं, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. करवतीने कड फाटल्यासारखी होते. त्यापेक्षा पेपर कटरचं नवं पातं साबणाच्या पाण्यात बुडवून एकाच रेघेवर हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवायचं. मग तलावात जाऊन पोहायचं, घरी येऊन सेंटिमीटरभर कापायचं, परत पोहायचं. शेवटी बोटांपुढे चार बोटं पातं उरलं. कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. कडा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या. दोन्ही फिन्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या आणि जड होती ती आणखी घासली. घरच्यांनी काय म्हटलं ते सांगत नाही.

सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे येत. घोटा सैल पडला तसा त्रास गेला आणि किकला लय आली. भिंतीवरून निघाल्यावरची डॉल्फिन किक तर या फिन्सवरच बसली. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि फ्रीस्टाइलमध्ये डोकं वर येण्याआधी 15 मीटरपर्यंत पाण्याखाली जाता येतं. त्या अंतरात हात सरळ, सगळं काम पायांचं. तरी फिन्स घालून थोडंच पोहावं. रोज त्यांच्यावरच पोहणाऱ्याची उघड्या पायांची किक बिघडते, हे माझं ठाम मत आहे.

निगा राखणं सोपं आहे, फक्त रोज आठवायला हवं. तलावातून आल्यावर साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायच्या. क्लोरीनपेक्षा ऊन जास्त नासधूस करतं आणि स्कूटरची तापलेली डिकी त्याहून वाईट. ताणलेल्या रबराला हवेतल्या ओझोनने भेगा पडतात, म्हणून टाचेत खिळा अडकवून टांगू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून आडव्या ठेवाव्यात. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचा मोह होतो, पण तेलाने रबर फुगून मऊ पडतं. पाय सरकण्यापुरती टाल्कम पावडर पुरते.

टाचेची एक चीर मी सायकलच्या पंक्चरच्या सामानाने बुजवली: पॉलिश पेपरने घासणं, सोल्युशनचा पातळ हात, ते सुकू देणं, ट्यूबचा तुकडा दाबणं. ठिगळ अजून टिकून आहे. सिलिकॉनवर मात्र हे सोल्युशन धरत नाही. त्या फिन्स फाटल्या की फेकाव्या लागतात. म्हणून जुनी घ्यायची तर रबरीच घ्यावी.