दही गोड कशानं करायचं?

परीक्षेला निघालेल्या मुलाच्या तळहातावर दही-साखर ठेवायची आपली रीत आहे. ती एका चमच्यापुरती, शकुनापुरती. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो शाळेतून भुकेजून आलेल्या मुलाला रोज आंबा-स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गोड दह्याचा कप द्यावा का, हा. बिस्किटांपेक्षा दही बरं, असा आईवडिलांचा हिशोब असतो. आहारशास्त्राच्या बाजूनं पाहता तो अर्धा बरोबर आहे. साखर घातली म्हणून दह्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं कुठं जात नाहीत. पण दह्यात मिसळली म्हणून साखरेचा त्रासही कमी होत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच : गोड दह्याचा कप हा खाऊ आहे, तो खाऊइतकाच मोजून द्यावा.

कपावरचा तक्ता नीट वाचला की हे पटतं. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे असतात. 100 ग्रॅम साध्या दह्यातही चार-साडेचार ग्रॅम साखर असते. ती दुधाची स्वतःची, लॅक्टोज. तिची धास्ती नको. पण एकूण आकडा 15 असेल, तर सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर, वरून पडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं, की दिवसभराच्या उष्मांकात अशा साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत हवा. 5 टक्क्यांच्या आत राहिला तर अधिक चांगलं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1,350 किलोकॅलरी लागतात. त्याचे 5 टक्के म्हणजे जेमतेम 17 ग्रॅम साखर. एका कपात त्यातली निम्म्याहून जास्त संपली, आणि सकाळचा चहा-बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाला तर वरून साखर घालूच नये.

मुळात साखर लागते ती दही आंबट होतं म्हणून. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचं आम्ल करतात आणि ऊब असेल तोवर थांबत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रात्री लावलेलं दही दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं, तर मूल तोंड वाकडं करणारच. दूध कोमट, विरजण अर्धा चमचा, आणि दही लागल्याबरोबर ते गार जागी हलवलं, की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं अर्धापूरच्या केळीवर सोडावं. सालीवर तपकिरी ठिपके आले, की आतल्या पिठूळपणाची साखर झालेली असते. अशी अर्धी केळी दह्यात कुस्करायची, उरलेल्या अर्धीच्या चकत्या वर टाकायच्या. वाटी गोड होते, साखरेच्या डब्याला हात लागत नाही.

केळीतही साखर असतेच, असं कुणी म्हणेल. असते, पण ती तंतू आणि पोटॅशियमसोबत येते, आणि अख्ख्या फळातली साखर त्या 5 टक्क्यांत धरत नाहीत. गूळ आणि मध मात्र धरतात, म्हणून साखरेऐवजी ते घालून हिशोब सुटत नाही. दही-केळी एकत्र नको, असं घरातली मोठी माणसं म्हणत असतील, तर वाद कशाला? दही धपाट्यासोबत द्यावं, केळी नंतर. शालेय पोषण आहारात अंडं न खाणाऱ्या मुलांना केळी देण्याचा निर्णय राज्य सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला होता. मुलांचा खाऊ म्हणून केळीचा मान जुनाच आहे. वेळ नाही, ही अडचण खरी आहे. दिवसभर रानात किंवा नोकरीवर असलेल्या आईला विरजणाचं वेळापत्रक सांगणं सोपं, पाळणं अवघड. तिनं साध्या दह्याचं पाकीट आणावं. केळी सोलायला मिनिटही लागत नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप उरतो : मूल साधं दही खातच नाही. तर एकदम तोडू नये. आज एक चमचा साखर असेल तर आठवड्यानं पाऊण, मग अर्धा. नकोशी चव आठ-दहा वेळा, जबरदस्ती न करता पुढं आली, की बहुतेक मुलं ती आपलीशी करतात. लहानपणी जिभेला लागलेलं वळण पुढं मोडणं जड जातं, म्हणून रोजच्या वाटीला मी एवढं महत्त्व देते. ती वाटी साधी राहिली, तर दसऱ्याचं श्रीखंड मुलाला सणासारखं गोड लागेल, आणि परीक्षेच्या सकाळी तळहातावरचा तो एक चमचाही.