तांबे, लोखंड आणि उणे चिन्ह

तंजावूरच्या राजवाड्यात येणारा मराठी वाचक सहसा सरस्वती महाल ग्रंथालयाच्या आणि सरफोजीराजांच्या ओढीने येतो. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच आवारातील कलादालनातही थोडे रेंगाळावे. तेथील चोळकालीन मूर्ती तांब्याच्या मिश्रधातूच्या आहेत. शहराच्या जुन्या तटबंदीच्या पूर्वेकडील भागात नायक राजवटीतील राजगोपाल तोफ आहे. तिची लांबी सुमारे साडेसात मीटर. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या आणि त्यांवर चढवलेली कडी तापवून, ठोकून एकजीव केलेली आहेत. (आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिचा धातुशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला.) उच्च तापमानाला टिकणाऱ्या अतिसंवाहकांची दोन मोठी घराणीही याच दोन धातूंची: तांब्याचे १९८६ मधले, लोखंडाचे २००८ मधले. त्यांतले दुसरे निघेल अशी अपेक्षा फारशी कोणाची नव्हती.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. सर्वसाधारणपणे जोडीतील एकाचा स्पिन वर असतो, दुसऱ्याचा खाली. चुंबकीय अणू या दोन स्पिनांना सारखी वागणूक देत नाही, आणि जोडी फुटते. म्हणूनच लोखंडाची किंचित भेसळही अनेक अतिसंवाहकांना मारक ठरते. २००१ मध्ये शुद्ध लोखंडच सुमारे २ केल्विनला अतिसंवाहक झालेले जपानमध्ये दिसले खरे. पण त्यासाठी वातावरणाच्या दीड लाख पटींहून अधिक दाब द्यावा लागला, आणि तेवढ्या दाबाखाली त्याचे नेहमीचे चुंबकत्व उरत नाही. चुंबकत्वापासून दूर राहावे, हा नियम त्याने मोडला नाही. २००८ च्या फेब्रुवारीत हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, लोह, आर्सेनिक व ऑक्सिजन यांच्या संयुगात थोडे फ्लोरिन मिसळून २६ केल्विन गाठले. लँथॅनमच्या जागी समेरियम घालून काही आठवड्यांतच चीनमधील गट ५५ केल्विनपर्यंत पोहोचले.

मग या जोड्या बांधतो कोण? जुन्या अतिसंवाहकांत हे काम स्फटिकजालकाची कंपने करतात. बेरियम-लोह-आर्सेनिक संयुगातील ही कंपने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही न्यूट्रॉनच्या साहाय्याने अभ्यासली. पण अशा कंपनांचे बळ एवढ्या तापमानासाठी फारच अपुरे पडते, असे गणिते सांगत होती. संशय स्वाभाविकच चुंबकत्वाकडे वळला. या मूळ संयुगात सुमारे १४० केल्विनखाली लोहाचे स्पिन पट्ट्यांत मांडले जातात, एक रांग वर तर शेजारची खाली. भेसळ वाढवली की ही शिस्त मोडते, पण सवय जात नाही; क्षणभर उमटून विरणाऱ्या स्पिनलहरी शिल्लक राहतात. स्पिनचे चढउतार म्हणतात ते हेच.

अडचण अशी की, या लहरींमुळे होणारी देवघेव मुळात प्रतिकर्षक असते. त्यातून जोडी जुळायची कशी? २००८ मध्येच इगोर माझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच काझुहिको कुरोकी यांच्या गटाने उत्तर सुचवले. इलेक्ट्रॉनांच्या संवेगांच्या नकाशात मधोमध काही कप्पे आहेत आणि कोपऱ्यांत काही. स्पिनलहर इलेक्ट्रॉनांना मधल्या कप्प्यातून कोपऱ्यात नेते. जोडी फोडायला लागणारी ऊर्जा ज्या राशीतून कळते तिला गॅप म्हणतात. त्या गॅपचे चिन्ह मध्ये अधिक आणि कोपऱ्यांत उणे असेल, तर प्रतिकर्षणच जोडी बांधते.

तंजावूरच्या दारांपुढे निघणारा कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, येथे उपयोगी पडतो. चार पाकळ्यांत आळीपाळीने पांढरा व तांबडा रंग भरून पाव फेरा दिला, तर रंगांची अदलाबदल होते. तांब्याच्या घराण्यातील गॅप असा आहे. दोन पाकळ्यांच्या सीमेवर तो शून्य होतो. मधोमध पांढरा आणि चारही कोपऱ्यांत तांबडा भरला, तर पाव फेऱ्याने काहीच बदलत नाही. लोखंडाचा प्रस्तावित गॅप हा असा. रंग दोन, पण सममिती जणू एकरंगी रांगोळीची.

बहुतेक मोजमापांना गॅपचा आकार कळतो, चिन्ह कळत नाही; खरी परीक्षा तेथेच आहे. २००८ मध्ये न्यूट्रॉन प्रयोगांत अतिसंवाहक अवस्थेतच वाढणारे एक शिखर दिसले. २०१० मध्ये तेत्सुओ हानागुरी आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, चुंबकीय क्षेत्रात, इलेक्ट्रॉनलहरींची नक्षी बदलताना टिपली. दोन्ही पुरावे चिन्हबदलाच्या बाजूचे आहेत, आणि दुसरा अधिक देखणा.

तरीही विद्यार्थ्याने एवढ्यावर वही मिटू नये. बेरियम पूर्ण काढून पोटॅशियम घातलेल्या संयुगात गॅप काही ठिकाणी शून्याला टेकतो. त्याहून अवघड प्रकरण लोह-सेलेनियमचे. त्याचा ठोकळा सुमारे ८ केल्विनलाच अतिसंवाहक होतो. पण त्याचा एकच थर स्ट्राँशियम टायटॅनेटवर बसवला, तर गॅप सुमारे ६० केल्विनपर्यंत टिकतो. या थराची बातमी चीनमधून २०१२ मध्ये आली. त्याच्या संवेगनकाशात मधला कप्पा फर्मी पातळीवर उरतच नाही; तो खाली बुडालेला असतो. कोपरे आहेत, पण ज्याच्याशी चिन्ह उलटे असायचे तो मध्यच नाही. काहींच्या मते कोपऱ्यांतल्या कप्प्यांतच आपापसांत चिन्ह बदलते. काहींच्या मते खालच्या ऑक्साइडची कंपने मदतीला येतात. दोन्ही मतांचे प्रयोग चालू आहेत.