पाहिले, पण कोठे?

प्रवासास निघताना कोणी देवदर्शनाचा संकल्प करतो, कोणी हवापालटाचा. आम्ही निघतो ते रानातली जनावरे पाहावयास. घरची वडीलधारी मंडळी आरंभी हसत. ‘वाघ दिसला का?’ एवढाच त्यांचा प्रश्न! वाघाखेरीजही रानात पाहण्यासारखे पुष्कळ असते, हे त्यांस पटविण्यात आमची काही वर्षे गेली.

ह्या छंदाचे निम्मे सुख पाहण्यात, तर निम्मे सांगण्यात आहे. आम्हां समानशील स्नेह्यांची एक लहानशी बैठक दरमहा भरते. प्रत्येकाने आपले टिपण वाचावे, दिवस, वेळ व ठिकाण सांगावे आणि इतरांनी शंका काढाव्यात, असा तेथील परिपाठ.

ह्या सांगण्याच्या हौसेपायी आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली. पुणे जिल्ह्यातील एका माळावर सायंकाळी आम्हांस तरसाचे बीळ आढळले. तोंडाशी दोन पिले खेळत होती. मेलेल्या जनावरांवर निर्वाह करून रानाची झाडलोट करणारा हा बापडा प्राणी! बैठकीत आम्ही ओढ्याच्या वळणासुद्धा सारे वर्णन केले. एकाने ते दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास. तीन आठवड्यांनी जाऊन पाहतो तो मोटारींच्या चाकोऱ्या बिळापर्यंत गेलेल्या आणि बीळ ओस! पिलांचे काय झाले, ते आम्हांस कधीच कळले नाही. दोष कोणास द्यावा? ज्याने प्रथम तोंड उघडले त्यासच.

पुढे कोकणात एका रात्री खवल्या मांजर पाहण्याचा योग आला. नाव मांजराचे असले, तरी हा प्राणी त्या कुळातला नव्हे. अंगावर खवले असलेले सस्तन प्राणी जगात हेच. खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे. तोंडात दात मुळीच नाहीत. लांब, चिकट जिभेने ते मुंग्या व वाळवी टिपते. भय वाटताच अंगाचे वेटोळे करून निपचित पडते. ह्या चिलखतापुढे श्वापदांचे सहसा काही चालत नाही. माणूस मात्र तेच वेटोळे उचलून पोत्यात घालतो! खवल्यांत औषधी गुण असल्याच्या खुळ्या समजुतीने ह्या प्राण्याचा एवढा संहार झाला की, २०१६ साली त्याच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे राष्ट्रांस ठरवावे लागले.

ठिकाण आम्ही फक्त वनखात्यास कळविले. छायाचित्रही कोणास धाडले नाही. हल्ली चित्राबरोबर जागेचा पत्ताही नकळत जाऊ शकतो. बैठकीत सर्व वाचले. ठिकाण तेवढे ‘कोकण’ म्हणून सोडून दिले. वाचकांसही तेवढेच सांगतो.

आमचे एक जुने स्नेही दुखावले. “आमच्यावरही विश्वास नाही होय तुमचा?” म्हणाले. विश्वास पुरता होता. पण मनुष्याच्या जिभेस कुलूप नसते, हे आम्ही स्वतःवरूनच शिकलो होतो. तसे सांगू पाहिले, परंतु ते चहा न घेताच उठले. त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

दोन महिने ते बैठकीस फिरकले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आले आणि नदीकाठी पाहिलेल्या पाणमांजरांचे सुरेख टिपण त्यांनी वाचले. दिवस होता, वेळ होती. ठिकाणाची जागा कोरी होती. आम्ही ती विचारली नाही. त्यांनी चहाचा पेला पुढे केला, तो मात्र आनंदाने घेतला.