वीस रुपयांतील वेरूळ

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. नोट हे व्यवहाराचे साधन खरेच. पण ती खिशात मावणारे देशदर्शनही असते. चीनच्या एक युआनच्या नोटेवर हांगझोचे पश्चिम सरोवर, वीसवर गुइलिनजवळील ली नदी व तिच्या काठचे डोंगर, तर पन्नासवर ल्हासाचा पोताला राजवाडा दिसतो. भारताच्या नव्या मालिकेत पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला, शंभरवर पाटणची राणी की वाव, पन्नासवर हंपीचा दगडी रथ आहे. २०१९ मध्ये वीस रुपयांच्या नोटेवर महाराष्ट्रातील वेरूळ विराजमान झाले.

नाशिकहून वैजापूरमार्गे वेरूळ एका दिवसात पाहून परतता येते. मंगळवारी मात्र लेणी बंद असतात. कैलास लेणे आठव्या शतकातील, राष्ट्रकूटांच्या काळचे. एकाच खडकातून, शिखराकडून पायथ्याकडे ते कोरले गेले. येथील ३४ लेण्यांत १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन आहेत. ३२ क्रमांकाची इंद्रसभा हे जैन शिल्पकलेचे वैभव. पण कैलास पाहून थकलेले अनेक यात्रेकरू तिथवर न जाताच परत फिरतात.

नोटेवर पेनाने आकडे लिहिणारा हात आणि लेण्याच्या भिंतीवर नाव कोरणारा हात, दोहोंची वृत्ती एकच. मळलेली नोट बँकेत बदलून मिळते. विद्रूप झालेले लेणे कोणत्याच खिडकीवर बदलून मिळत नाही.