राक्षसांची नांवनिशी

याद्या करणें हें काम पंडितांचें नव्हे, कारकुनांचें, असा एक समज आम्हां शिकलेल्या लोकांत फार दिवसांपासून रूढ आहे. कोशकारास मान मिळतो, तोहि बहुधा तो वारल्यावर. मग ज्याची यादी शब्दांची नाहीं, ग्रंथांची नाहीं, तर संगणकावर खेळावयाच्या खेळांतील राक्षसांची आहे, त्यास घरच्या माणसांनीं वेडा म्हटलें तर नवल कोणतें? लोणावळ्यास भांगरवाडींत आमची धाकटी बहीण राहते. तिचे चिरंजीव गेलें वर्षभर हाच उद्योग करीत आहेत. पावसाळ्यांत चार दिवस तिकडे गेलों असतां, "दादा, तूं तरी त्याला चार शब्द सांग," असा आम्हांस हुकूम झाला. मुलाचें इंजिनिअरिंगचें शेवटचें वर्ष. तेव्हां तिची काळजी अगदींच अस्थानीं होती असें म्हणवत नाहीं.

सांगावयास म्हणून आम्ही त्याच्याजवळ बसलों, आणि ऐकतच राहिलों. विकी म्हणजे कोणीहि वाचकानें लिहावा व दुसऱ्याचें लिहिलेलें सुधारावें असा सामायिक कोश. १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन गृहस्थांनीं ही पद्धति काढली. खेळांच्या चाहत्यांनीं तिचा उपयोग करून एकेका खेळांतील शत्रूंवर लेख रचले आहेत. टप्प्याच्या शेवटीं वाट अडवून बसणारा जो बडा शत्रु, त्यास ते 'बॉस' म्हणतात. आमच्या भाच्याचें काम लेख लिहिण्याचें नसून लावण्याचें आहे. कोणास स्वतंत्र लेख द्यावा, कोणास दुसऱ्यांत विलीन करावें, कोणास कोणत्या वर्गांत बसवावें, हा त्याचा रोजचा न्यायनिवाडा. पुण्यांतच तयार होऊन २०२० सालीं निघालेल्या 'राजी' नांवाच्या खेळांतील महाबलासुराचें प्रकरण सोपें. तो शेवटपर्यंत असुरच. पण 'सुपर मारिओ ब्रदर्स' ह्या १९८५ च्या जपानी खेळांत आठ किल्ले असून प्रत्येकाच्या शेवटीं बाउझर नांवाचा राक्षस उभा असतो. पैकीं पहिले सात तोतये! अग्निगोळ्यांनीं मारल्यास त्यांचें सोंग उतरतें आणि आंतून एखादा क्षुद्र शत्रु बाहेर पडतो. आतां तोतयाचा लेख खऱ्याच्या पोटांत घालावा कीं वेगळा? भाऊसाहेबांच्या तोतयानें पुण्यास किती दिवस घोर लावला हें जाणणाऱ्यांनीं ह्या प्रश्नास हंसूं नये.

त्याहून बिकट गोष्ट पुढें आहे. हाच बाउझर १९९२ च्या खेळांत मारिओबरोबर गाड्यांच्या शर्यतींत उतरतो, आणि १९९६ च्या एका खेळांत तर त्याच्या बाजूनें लढतो. "मामा, ह्याला शत्रूंच्या वर्गांत ठेवायचा कीं मित्रांच्या? दोन्हींत ठेवला तर दुसरा कोणीतरी रात्रींत एक वर्ग काढून टाकतो," भाचा म्हणाला.

आम्हीं त्यास जॅक्सनसाहेबांची हकीकत सांगितली. नाशिकचे हे कलेक्टर २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे ह्यांच्या गोळीस बळी पडले, एवढेंच आपणांस ठाऊक असतें. परंतु ह्याच गृहस्थांनीं शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून लोकसमजुतींचा मोठा संग्रह जमविला होता. पुढें एंथोवेन ह्यांनीं तो लावून १९१४ सालीं गुजराथचा व १९१५ सालीं कोंकणचा भाग छापला. अनेक हातांनीं लिहिलेला तो एक विकीच म्हणावयाचा! त्यांतील कोंकणच्या भुतांची यादी पाहावी. मुंजा कोणता, तर मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीं मेलेला ब्राह्मण बटु. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लांवसट. इतक्या बारीक रेघा आमच्या विद्यापीठांतल्या नियमावलींतहि आढळत नाहींत. पण त्याच यादींत, झोटिंग व वीर ह्यांच्या पंगतीला, म्हसोबा बसविलेला आहे!

मावळांत म्हसोबा कोण, हें शेतकऱ्यास विचारावें. बांधावर शेंदूर फांसलेला दगड, तो म्हसोबा. त्यास नारळ फोडल्यावांचून पेरणी नाहीं. दामोदर कोसंबी ह्यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत हा म्हसोबा म्हणजेच महिषासुर असें प्रतिपादिलें. ज्यास देवीनें मारलें त्याचेंच वीरच्या म्हस्कोबाच्या रूपानें जोगेश्वरीशीं दरवर्षीं लग्न लागतें, असा त्यांचा विचार. तेथील भक्त मात्र त्यास काळभैरव मानतात, महिषासुर म्हटलेलें त्यांना खपणार नाहीं. जेजुरीस तर मल्ल दैत्य मरतां मरतां आपलें नांव देवाच्या नांवांतच ठेवून गेला. मल्हारि म्हटलें कीं अगोदर उच्चार मल्लाचा. मणीनेंहि देवाजवळ जागा मागून घेतली. हीं पानें कोणत्या वर्गांत घालावीं? आमच्या मतें जो यादीकार अशा ठिकाणीं एक वर्ग पुसून पान नीटनेटकें करतो तो आळशी होय. शत्रुत्व ही कोणाची जात नव्हे. ती एका प्रसंगापुरती असते, आणि कोशानें तो प्रसंग व त्याचा काळ सांगितला पाहिजे.

बहिणीनें सोंपविलेले चार शब्द राहिले ते राहिलेच. उलट दुसरे दिवशीं पावसाची उघडीप पाहून भाचा आम्हांस कामशेतकडे एका मित्राच्या शेतावर घेऊन गेला. बांधावर म्हसोबा होता. मित्राच्या आजोबांना त्यानें सरळच विचारलें, "आजोबा, हा देव कीं भूत?"

"राखणदार हाय," म्हातारे म्हणाले, आणि चिखलणीसाठीं खाचरांत उतरले.

शेजारच्या शेताचा सौदा होऊन तेथें बंगल्यांसाठीं खुणेचे खांब रोविले होते. हाहि बांध फार दिवस राहील असें दिसलें नाहीं. भाच्यानें दगडाचें छायाचित्र घेतलें. शेत कोणाचें, नैवेद्य कसला, कोणत्या दिवशीं, हें एकामागून एक विचारून तो मोबाईलवर टिपूं लागला. वर्गाच्या रकान्यांत त्यानें 'राखणदार' असें लिहिलें, आणि पुढें कंसांत त्या आजोबांच्या गांवाचें नांव घातलें. घरीं परतल्यावर बहिणीनें विचारलें तेव्हां, परीक्षा डिसेंबरांत आहे, इतकेंच आम्ही सांगूं शकलों.