तांबडा

मालवणजवळच्या आमच्या परड्यात एका वर्षी तीन कोंबडे झाले. तांबडा गावठी, आमच्याच खुडूक कोंबडीखाली निघालेला. बाकीचे दोघे बाहेरचे: एक काळाकुट्ट कडकनाथ आणि एक गिरिराज, बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेल्या जातीचा. मोठा झाल्यावर गिरिराज तांबड्याच्या दुप्पट भरला, तरी हुकूम तांबड्याचाच चाले. लहानपणी टोचे खाऊन मागे सरायला शिकलेला तो दांडगा जीव वाढला तरी मागेच सरे.

तांबड्याला वाळवी सापडली की तो टुकटुक करून कोंबड्यांना बोलवी, चोचीतला घास खाली टाकी, पुन्हा उचली, पुन्हा टाकी. त्या येईपर्यंत स्वतः गिळत नसे. आकाशात घार दिसली तर त्याची एकच लांब, बारीक हाक. सगळ्या जागच्या जागी दबत. मुंगूस किंवा कुत्रा असला तर हाक वेगळी, तुटक, सारखी चालणारी. आजी आत चुलीपाशी बसून ओळखायची की बाहेर काय आलंय.

पहाटे पहिली बांग त्याची, मग गिरिराजची, शेवटी कडकनाथची. मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे पायरीपायरीने मागून, हे जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवलं. आमच्याकडे एका पहाटे पहिली बांग जाड आवाजाची आली. आजी उठून बसली. उजाडल्यावर पाहिलं तर तांबड्याचा तुरा रक्ताने माखलेला होता.

हाल झाले ते गावठी कोंबड्यांचे. गिरिराजच्या वजनाखाली त्यांच्या पाठीची पिसं गेली, एकीला पायामागच्या काट्याने खोल जखम झाली. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आमच्याकडे पंधरा कोंबड्यांत तीन होते. आजीने कडकनाथ शेजारी देऊन टाकला, तिथे नुसत्या माद्याच होत्या. मग जुन्या मासेमारीच्या जाळ्याने परडं विभागलं: गिरिराज आपल्या जड माद्यांसह विहिरीकडे, तांबडा गावठींसह माडांखाली. मध्ये चुडतांचा आडोसा, कारण समोरचा दिसला की दोघेही जाळ्यावर झेपावत. दाणा-पाणीही दोन्हीकडे वेगळं. पाठींवर पिसं परत यायला पुढची पिसगळ व्हावी लागली. हा आडोसा मला आजही त्या घरातली सर्वांत शहाणी व्यवस्था वाटते.

तांबडा त्यानंतर बरीच वर्षं जगला. शेवटी डोळा अधू झाला, तरी घास टाकून बोलवायचं त्याने सोडलं नाही.

त्याच्या शेवटच्या विणीत चार नर निघाले. राखणदाराला कोंबड्याची राखण द्यायची वेळ आली तेव्हा काकाने त्यांतला सर्वांत भरलेला उचलला. आजीने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"ह्येका नको. दुसरो घे. ह्येका घार कळता."